खळ लावलेला चेंडू

१९३२ साल. मी तेवीस वर्षांचा. सोलापुरात येऊन दीड वर्ष झालं होतं, पण माझे पाय अजून गावाकडंच होते.

हे कुणाला सांगून पटत नाही. आमचं गाव मंगळवेढ्याच्या पलीकडं, कोरड्या माळावर. सहा वर्षांचा असल्यापासून मी मेंढरांमागं चाललो. मराठी दुसरीपर्यंत शाळा झाली तीही मेंढरं गावाजवळ बसायची तेवढ्या दिवसांची. मग पाठोपाठ दोन वर्षं माळावर चारा उगवला नाही. बापानं निम्मी मेंढरं विकली आणि मला म्हणाला, "तू गिरणीत जा. उरलेल्या मेंढरांवर माझं न् तुझ्या आईचंच भागंल."

गिरणीत मला साच्यावर उभं केलं. साचा म्हणजे कापड विणायचं यंत्र. असे दोन साचे, मधे हातभर जागा, आणि त्या जागेत दहा तास. हात चालायचे, डोळे चालायचे, पाय नुसते उभे. संध्याकाळी भोंगा झाला की ते पाय सुटल्यासारखे करायचे. घरी येऊन भाकरी खाल्ली तरी बसवायचं नाही. चाळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या मारायचो. बायको लोकर कातत उंबऱ्यात बसलेली असायची. ती म्हणायची, "अवं, बसा की जरा. बांधल्याल्या बोकडावानी काय फिरता?"

"बसलो तर मरंन," मी म्हणायचो.

"मग फिरा. पर माझ्या पायावर पाय देऊ नगा."

माझ्या शेजारच्या साच्यावर माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठा एक जण होता. घरात तेलुगू बोलणारा, जातीचाच विणकर, बापजाद्यांनी हातमागावर लुगडी विणलेली. मी त्याला अण्णा म्हणायचो. साचेखात्यात आवाज असा की शेजारच्याच्या कानात ओरडलं तरी ऐकू जायचं नाही. म्हणून तिथं सगळे ओठांनी आणि हातांनी बोलत. नवा माणूस सहा महिन्यांत ती बोली शिकतो. मी तीन महिन्यांत शिकलो, हे सांगितलं पाहिजे.

एके दिवशी अण्णानं माझ्याकडं बोट केलं, मग डाव्या तळहातावर उजव्या हाताची दोन बोटं तुरुतुरु पळवली, हसला, आणि हवेत एक चापट मारली. मी समजलो, हा मला मारायचं म्हणतोय. भोंगा झाल्यावर बाहेर त्याला गाठला. "काय रं अण्णा, कुणाला मारतो?"

"चेंडूला रे बाबा," तो म्हणाला. "तुझे पाय बघतो रोज. उभा आहेस आणि पाय पळतात. चल."

चाळीमागं गिरणीच्या मालकीची मोकळी पड होती. एका कडेला बाभळी, दुसऱ्या कडेला गिरणीची भिंत. तिथं त्यानं दोन बांबू रोवून मधे सुताची दोरी ताणली होती. दोरीच्या अलीकडं पाच माणसं, पलीकडं पाच. हातात हलक्या लाकडी रॅकेटी आणि एकच चेंडू, लोकरीचा, पिवळा, लिंबापेक्षा थोडा मोठा. अण्णाच्या दक्षिणेकडच्या पाहुण्यांनी तो खेळ त्याला शिकवला होता. चेंडूला तो बंती म्हणायचा. नियम सोपा. चेंडू खाली पडू द्यायचा नाही आणि आपल्या बाजूनं एकाच माणसानं एकदाच मारून पलीकडं घालवायचा.

पहिल्या दिवशी मी एकही चेंडू नीट मारला नाही. पण अंधार पडेपर्यंत पळलो, आणि दीड वर्षात पहिल्यांदा घरी जाऊन गप बसलो. बायकोनं कपाळाला हात लावून बघितलं, ताप तर नाही ना म्हणून.

आता माझा नातू चिंचोळीच्या एमआयडीसीत कामाला आहे. तो मला परवा विचारत होता, "आजोबा, टेनिस घ्यावं का बॅडमिंटन?" जसं काही दुकानात चपला घ्यायच्यात. त्याला मी सांगितलं, मी तिन्ही खेळ हातात धरून बघितलेत, ऐकून बोलत नाही.

टेनिसचं असं की, दर रविवारी मी साहेबलोकांच्या क्लबात रूळ ओढायला जायचो. दगडी रूळ, आम्ही दोघं ओढणारे. जमीन अशी सपाट करायची की चेंडू उसळला तर सरळच उसळला पाहिजे. एवढं करून खेळणार दोन नाहीतर चार माणसं. बाकीचे वेताच्या खुर्चीत बसून सरबत पिणार. एकदा एका साहेबाची रॅकेट मला उचलून ठेवायला सांगितली. मी दोन वेळा हवेत फिरवून बघितली. कुऱ्हाडीसारखी जड. तिची तात मी ओळखली, मेंढराच्या आतड्याची. म्हटलं, खेळ कुणाचाबी असो, मेंढरू आमचंच.

बॅडमिंटन बघितलं ते शुक्रवार पेठेत. आमच्या गिरणीतल्या एका कारकुनानं घोंगडी सांगितली होती ती द्यायला गेलो. घरामागच्या फरसबंद अंगणात चौघं खेळायचे, त्या दिवशी एक आला नव्हता. कारकून मला म्हणाला, "ये, उभा राहा इथे. फक्त जागा भर." कोंबड्याच्या पिसांचं फूल. मी पहिलंच असं हाणलं की ते शेजारच्या कौलावर जाऊन बसलं.

"अरे, हळू!" कारकून ओरडला. "पीस आहे ते, लांडगा नव्हे."

खेळ वाईट नव्हता. मनगटाचं काम आहे, डोळ्याचं आहे. पण अंगण चार हातांचं, आणि भिंतीबाहेर फूल नेलं की वारा त्याचं काय करील ते वाऱ्यालाच ठाऊक. सोलापूरचा चैत्र-वैशाखातला वारा ज्यांनी खाल्लाय त्यांना सांगायला नको.

तर माझा हिशेब सरळ होता. जमीन खडबडीत असली, वारा असला आणि माणसं दहा असली, तर लोकरीचा चेंडू. आजही माझं मत तेच आहे. आता पुढं काय झालं ते ऐका.

चैत्राच्या शेवटी विणकाम खात्याच्या मास्तरांनी दुपारच्या सुट्टीत आम्हाला बोलावलं. हे मास्तर आपलेच, मुंबईकडं शिकून आलेले, स्वतः क्लबात टेनिस खेळायचे. ते म्हणाले, "चाळीमागची पड साफ करून कंपनी तिथे एक खेळ सुरू करणार आहे. एकच. कुंपण घालू, जाळं आणू. दुसरं काही तिथे खेळायचं नाही."

मी धरून चाललो, आमचा खेळ गेला. कारण मास्तरांच्या शेजारी तोच शुक्रवार पेठेतला कारकून उभा होता, आणि घरी बॅडमिंटन खेळणारा तो मास्तरांच्या आवडीचं आधीच बोलून बसला होता. "साहेब, टेनिसच हवं," तो म्हणाला. "बाहेरच्या गिरण्यांशी सामने लावता येतील. नाव होईल."

मी कारकुनापुढं झालो. "रावसाहेब, टेनिस खेळणार किती जण?"

"शिकतील हळूहळू."

"हळूहळू म्हंजी तुमी चार. आमी कुंपणाला डोकं लावून बघायचं व्हय?"

"तुम्ही खेळता तो काय खेळ आहे? लोकरीचा गोळा! मांजरं खेळतात तसला."

मागं उभे असलेले साचेवाले हसले. मला हसणं झोंबलं. "त्या गोळ्यामागं एक तास पळून दाखवा," मी म्हणालो, "मग मांजर कोन ते बगू."

मास्तर हसले नाहीत आणि रागावलेही नाहीत. म्हणाले, "पुढच्या रविवारी चार वाजता मैदानावर तिन्ही खेळ दाखवा. मी स्वतः प्रत्येक खेळात हात टाकून बघेन. मग ठरवू."

बाहेर आल्यावर अण्णा म्हणाला, "बोललास ते बरं. पण बंती कुठे आहे?"

हे खरं होतं. आमचा चेंडू वर्षभर मार खाऊन पार सुटला होता. धागे लोंबत होते, मारला की भलतीकडं जायचा. अण्णा पाहुण्यांना पत्र लिहून नवा मागवणार होता, पण तो यायला पंधरा दिवस. आमच्या हातात आठ.

"चेंडू मी करतो," मी म्हणालो.

"तुला येतो?"

"लोकर हाय. सूत हाय. मेंढराच्या लोकरीचा गोळा धनगराला जमत न्हाय, तर कुनाला जमंल?"

अण्णानं मला सांगितलं ते मला अजून आठवतं. "घट्ट गुंडाळ. आत गाठ नको. आणि बाकी काही करू नकोस. लोकर आहे तशीच चांगली."

बाकी काही करू नकोस, हे शब्द कानात गेले आणि तिथंच मला राग आला. नुसत्या साध्या गोळ्यात माझं कसब ते काय?

बापाकडून आलेली पांढरी लोकर घरात होती. बायकोनं बारीक सूत कातून दिलं, हळदीत रंगवलं. मी तीन संध्याकाळी गुंडाळत बसलो. बसलो म्हणजे काय, एका जागी बसवत नव्हतंच, चाळीपुढं फेऱ्या मारत गुंडाळलं. शेजारी विचारायचे, "काय चाललंय?" मी सांगायचो नाही. गोळा झाला चांगला, पण दाबला की दबायचा. कारकुनाचं ते मांजर डोक्यात होतं. म्हटलं, असा मऊ चेंडू मास्तरांच्या हातात दिला की हसूच होणार. टेनिसचा चेंडू कसा टणक असतो, ते मी रूळ ओढताना बघितलेलं.

मग मला सुचलं. घोंगडी विणायच्या आधी आम्ही ताण्याला, म्हणजे मागावरच्या उभ्या सुताला, चिंचोक्याची खळ लावतो. चिंचोके भाजायचे, कुटायचे, शिजवून चिकट करायचे आणि कुंच्यानं सुताला फासायचे. वाळलं की लोकरीचं सूत असं ताठ होतं की वाकवलं तर मोडेल. मी बायकोला म्हणालो, "चिंचोके हायत का?"

ती कातायची थांबली. "चिंचोके कशाला?"

"चेंडूला खळ लावतो."

"अवं, खळ चेंडूला? खळ ताण्याला असती, मागावर सूत तुटू नये म्हनून. चेंडू काय मागावर चढवायचाय?"

"टणक हुईल."

"वाळल्यावर हुईल. अन् भिजल्यावर?"

"वैशाखात कुटनं भिजतोय?"

"अण्णांनी सांगितलंय ना, बाकी काय करू नगा म्हनून?"

"तू सूत कात," मी म्हणालो. "चेंडू मी करतो."

ती पुन्हा कातायला लागली. पण तिची चाती जरा जोरात फिरली.

तीन हात खळ दिली. प्रत्येक हात उन्हात कडक वाळवला. शनिवारी चेंडू हातात घेतला तेव्हा मलाच माझा अभिमान वाटला. गुळगुळीत, पिवळा, नखानं वाजवला तर टकटक वाजायचा. भिंतीवर मारून बघितला, सरळ परत आला. अण्णाला दाखवला नाही. म्हटलं, उद्या सगळ्यांबरोबर बघू दे.

रविवारी दुपारी तीनलाच मी मैदानावर गेलो. घरात थांबवतच नव्हतं. ऊन रणरणत होतं आणि वारा सुटला की पडीवरची धूळ उठून डोळ्यात जायची. मला वाटलं, मास्तर आले, दोन वेळा शिंकले आणि टेनिसच बरं म्हणाले तर? गिरणीच्या हौदातून इंजिनाचं कोमट पाणी नाल्यात वाहून जायचं. मी दोन डबे घेतले आणि मारायला लागलो पाणी. एक खेप, दोन खेपा. धूळ बसली. मग थांबायचं की नाही? थांबवेना. हातपाय काहीतरी मागत होते. चार वाजेपर्यंत तीसेक खेपा झाल्या असतील. पड काळी कुळकुळीत, ओली, दिसायला क्लबाच्या मैदानासारखी.

अण्णा आला, जमीन बघितली, पायाचा अंगठा मातीत दाबला. "लई पाणी झालं रे."

"धूळ बसली का न्हाय?"

"बसली. आपण पण बसू आता चिखलात."

चाळ सगळी जमली होती. बायका बाभळीखाली, साचेवाले भिंतीकडं. मास्तर पांढरी पाटलोण आणि साहेबी टोपी घालून आले, बरोबर कारकून.

आधी टेनिस. मास्तर आणि कारकून दोघं खेळले. चेंडू त्या ओल्या जमिनीवर पडला की उसळायचाच नाही, थपकन बसायचा. कारकून म्हणाला, "जमीन तयार नाही साहेब. रूळ फिरला की होईल." साठ-सत्तर माणसं उभी राहून दोघांकडं बघत होती. एक म्हातारा साचेवाला मोठ्यानं म्हणाला, "आमी काय करायचं? टाळ्या?" मला बरं वाटलं.

मग बॅडमिंटन. कारकुनाचे दोघे मित्र आले होते. पहिलंच फूल वर गेलं, वाऱ्यानं घेतलं आणि बाभळीच्या काट्यात नेऊन अडकवलं. दुसरं भिंतीपलीकडं गिरणीत गेलं. बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. मास्तरही हसले. मी अण्णाकडं बघून डोळा मारला. आता मैदान आपलंच.

अण्णानं नवीन रॅकेटी आणल्या होत्या, त्यातली सगळ्यात चांगली मास्तरांना दिली. त्याच्या मामानं दक्षिणेतून पाठवलेली, बारीक तातेची. मी धोतराच्या सोग्यातून चेंडू काढला आणि अण्णाच्या हातात ठेवला. त्यानं दाबला. दबला नाही. त्यानं नखानं टकटक केलं, माझ्याकडं बघितलं. मग साचेखात्याच्या बोलीत ओठ हलवले: काय केलंस?

मी वर आभाळाकडं बघितलं.

पहिले पाचसहा फटके झकास गेले. चेंडू बंदुकीच्या गोळीसारखा. "वा!" मास्तर म्हणाले. मग तो खाली पडला आणि चिखलातून घरंगळला. पुसून पुन्हा खेळलो. पुन्हा पडला. दहाव्यांदा पडला तेव्हा हाताला लिबलिबीत लागला. मी धोतराला पुसला, तर धोतर चिकटलं. पण खेळ चालू होता आणि थांबवायचं म्हणजे सांगावं लागलं असतं.

अण्णानं मास्तरांकडं उंच चेंडू दिला. मास्तरांनी रॅकेट मागं नेली आणि हाणला. चेंडू गेलाच नाही. रॅकेटीला चिकटला. मास्तरांनी रॅकेट झटकली. चिकटलेलाच. उलटी धरली. चेंडू तातेला खाली लोंबकळत राहिला, आणि बारीक एक चिकट धागा हळूहळू लांब होत गेला.

सगळं मैदान हसत सुटलं. बायका, म्हातारे, साचेवाले, कोण कोणाला सावरेना. सायझिंग खात्यातला एक जण, जो गिरणीत सुताला कांजी लावायचं काम करायचा, तो ओरडला, "अहो, हा चेंडू आमच्या खात्यातला दिसतोय!" मास्तरांनी चेंडू ओढून काढायला जोर केला आणि तटकन तात तुटली. अण्णाच्या मामाची तात.

कारकून म्हणाला, "साहेब, मांजर सुद्धा पळून जाईल."

मास्तरांनी हसू आवरलं, बोटं रुमालाला पुसली आणि विचारलं, "हा चेंडू कुणी केला?"

अण्णानं माझ्याकडं बघितलं. मी बाभळीत अडकलेल्या फुलाकडं बघितलं. ओठापर्यंत आलं होतं. पण भिंतीपाशी अख्खं साचेखातं उभं होतं, बाभळीखाली बायको होती, आणि तो कारकून दात काढून माझ्याकडंच बघत होता. जीभ उचललीच नाही.

अण्णा म्हणाला, "आमच्याकडचा आहे साहेब. दक्षिणेकडं असाच करतात."

"असाच?" मास्तर म्हणाले. "मग हा खेळ इथे कामाचा नाही. आपल्याकडे तर पावसाळाही येणार." ते कारकुनाकडं वळले. "उद्या दहाला ऑफिसात या. टेनिसचं जाळं मागवायचं पत्र लिहू."

म्हणजे उद्या दहाला मैदान जाणार होतं. चेंडू वाईट निघाला म्हणून गेलं असतं तर मी सहन केलं असतं. पण खेळच वाईट ठरला, आणि तो अण्णानं स्वतःच्या तोंडानं वाईट ठरवला, माझी लाज राहावी म्हणून. जाताना तो माझ्याशी बोलला नाही. तुटलेली रॅकेट काखेत मारली आणि गेला.

त्या संध्याकाळी मी चाळीपुढं किती फेऱ्या घातल्या माहीत नाही. शेजारी दारातून विचारत, "चिकटला का रं?" आणि हसत. मी पुढची फेरी धरायचो. माझं डोकं एकच वाद घालत होतं. खळ चुकली नव्हती, पाणी चुकलं होतं. कोरड्या जमिनीवर हाच चेंडू बघायला पाहिजे होता. मग लक्षात यायचं, पाणी कुणी मारलं? आणि पुन्हा पहिल्यापासून फेरी.

घरात आलो तर बायकोनं चुलीवर पाणी चढवलं होतं आणि त्यात रिठे. चेंडू कधी उचलून आणला तिनं, देव जाणे. तिनं तो पाण्यात सोडला, काठीनं दाबला. पाणी पिवळट, बुळबुळीत झालं. ते ओतलं, दुसरं घेतलं, मग तिसरं. शेवटी चेंडू पिळला, माझ्या हातात दिला.

"बगा, खळ निगाली. लोकर हाय तशीच हाय."

दाबला. दबला आणि परत वर आला.

"अण्णा बोलला का तुमच्यासंगं?" तिनं विचारलं.

"न्हाय."

"तुमी बोलला का?"

मी बाहेर गेलो, पुन्हा फेऱ्या मारायला. तिनं चेंडू चुलीशेजारच्या वैलावर वाळत ठेवला. अंथरुणावर पडल्यावर झोप लागली तेवढी लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी भोंग्याच्या अर्धा तास आधी मी गिरणीच्या फाटकाशी जाऊन उभा राहिलो. मास्तर रोज पहिल्या भोंग्याआधी येत. सायकलवरून उतरले, मला बघून थांबले. मागून साचेवाले यायला लागले होते, कारकूनही आला. मला ते सगळे जायची वाट बघता आली असती. मी बघितली नाही. कारण सगळ्यांपुढं गप बसलो होतो.

"साहेब," मी म्हणालो, "कालचा चेंडू अण्णाच्या घरचा नव्हता. मी केला. त्याला चिंचोक्याची खळ मी लावली. दक्षिणेत असं कुनी करत न्हाय. अण्णानं मला सांगितलं व्हतं, बाकी काय करू नगंस म्हनून."

कारकून हसला. "खळ! घोंगडी केली चेंडूची!"

"व्हय, केली," मी म्हणालो. "अन् मैदानावर पानीबी मीच मारलं. त्यात अण्णाचं काय न्हाय. खेळाचंबी काय न्हाय."

मास्तरांनी हात पुढं केला. मी चेंडू दिला. त्यांनी दाबून बघितला, नाकाशी नेला.

"रिठ्याचा वास येतोय."

"बायकोनं धुतला साहेब."

"म्हणजे घरात शहाणं कोणीतरी आहे," ते म्हणाले. मागं हशा पिकला. माझे कान तापले, पण पाय हलले नाहीत. माझी रॅकेट मी बरोबर आणली होती. ती त्यांनी घेतली, गिरणीच्या भिंतीकडं तोंड केलं आणि मारला. चेंडू भिंतीला लागून परत आला. जमिनीवर पडू न देता त्यांनी पुन्हा मारला. पुन्हा. पाटलोणीला धूळ लागली तरी थांबेनात. साचेवाले मोजायला लागले. पंधरावर चुकला. मास्तर घामाघूम झाले होते, त्यांनी रॅकेट माझ्या हातात दिली.

"दिवाळीपर्यंत खेळा," ते म्हणाले. "मग बघू." आणि कारकुनाला म्हणाले, "दहाचं पत्र राहू द्या."

तेवढ्यात भोंगा झाला. मी चेंडू उचलून सदऱ्यात टाकला आणि आत पळालो. अण्णा त्याच्या साच्यावर उभा होता. मागच्या दारानं आला असावा, त्याला काही माहीत नव्हतं. त्यानं माझ्याकडं बघितलं नाही. साचे सुरू झाले, आवाजानं सगळं भरलं. मी त्याच्या खांद्याला हात लावला. तो वळला. मी छातीवर बोट ठेवलं, मग हवेत कुंचा फिरवून खळ फासल्यासारखं केलं, मग पुन्हा छातीवर बोट. मग फाटकाकडं बोट करून, डोक्यावर हात नेऊन मास्तरांची टोपी दाखवली, आणि सदऱ्यातून चेंडू काढून त्याच्या तळहातावर ठेवला.

त्यानं दाबला. ओठ हलवले: ऊन पाण्यानं धुतलास?

मी मान हलवली आणि हातानं बायकोची चाती फिरवून दाखवली. त्यानं चेंडू माझ्या सदऱ्यात परत टाकला, डाव्या तळहातावर दोन बोटं तुरुतुरु पळवली, आणि दोघांनी आपापल्या धोट्यांत सुताच्या कांड्या भरायला घेतल्या.